नामभेद आणि प्रवास : धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने एक आढावा

प्रवासास निघणाऱ्या माणसाला पूर्वी आपले नाव सांगण्याचा प्रसंग क्वचितच येई. खिडकीतून पैसे सरकवावेत, उतरण्याच्या स्थानकाचे नाव उच्चारावे आणि हाती आलेला पुठ्ठ्याचा तुकडा जपून गाडीत बसावे, एवढाच त्या व्यवहाराचा विधी असे; रेल्वेच्या लेखी तो एक आसन व्यापणारा कोणी इसम असे, आणि त्यापलीकडे त्याची ओळख कोणी विचारीत नसे. आज आरक्षण, ओळखीची तपासणी, सवलत आणि परतावा ही प्रवासाची चारही अंगे प्रवाशाच्या नावाशी बांधली गेली असून, ते नाव रोमी लिपीत, ठरावीक रकान्यांत आणि सरकारी ओळखपत्राशी जुळेल अशाच रीतीने भरावे लागते. या अटीची झळ ज्या जिल्ह्यांना विशेष पोहोचावी अशांत धाराशिवची गणना केली पाहिजे; कारण येथील माणसांच्या नावांना एका शतकाच्या अवधीत दोन वेगळ्या लिपींच्या साच्यांतून जावे लागले, आणि जिल्ह्याच्या मुख्य गावाचे नावही त्याच अवधीत दोनदा बदलले.

ज्याला आपण नामभेद म्हणतो त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. खाते एकाचे आणि प्रवासी दुसरा, हा पहिला. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत अंतर, हा दुसरा. आणि एकाच माणसाच्या दोन ओळखपत्रांचे आपसांत न पटणे, हा तिसरा. पहिले दोन प्रकार नजरेस लवकर येतात आणि सावधगिरीने टाळताही येतात. परंतु त्यांचे मूळ बहुधा तिसऱ्या प्रकारात असते, आणि तो भेद ज्याच्या माथी येतो त्याने तो स्वतः क्वचितच निर्माण केलेला असतो. प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार करून, त्यांवर आज कोणते उपाय उपलब्ध आहेत आणि कोणते व्हावयास हवेत, हे पाहावयाचे आहे.

नावाची घडण

मराठी माणसाचे पूर्ण नाव त्रिपदी असते : स्वतःचे, पित्याचे किंवा पतीचे, आणि कुळाचे. ही तीन पदे सर्वांस ठाऊक असली तरी त्यांचा क्रम कागदागणिक पालटतो. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आरंभी येते. आधारपत्रावर बहुधा ते अखेरीस असते. पारपत्रात आडनावाला स्वतंत्र रकाना असून स्वतःचे व वडिलांचे नाव पुष्कळदा दुसऱ्या रकान्यात एकत्र नांदतात. आणि विमानप्रवासाच्या अर्जात अनेकदा पहिले व शेवटचे अशा दोनच नावांना जागा असते. चार कागदांवर एकाच माणसाची चार रूपे अशी तयार होतात. माणसाच्या डोळ्याला त्यांतील ऐक्य तत्काळ दिसते. यंत्राला मात्र ते दिसत नाही, कारण यंत्र अक्षरे आणि त्यांचा क्रम यांखेरीज दुसरे काही जाणत नाही.

मराठवाड्यातील मुसलमान कुटुंबांची अडचण याहून बिकट आहे. शेख, सय्यद, पठाण ही कुलवाचक पदे येथे नावाच्या आरंभी लिहिण्याचा प्रघात असून, पित्याच्या नावाआधीही त्यांची द्विरुक्ती होते. असे नाव दोन रकान्यांच्या अर्जात भरले गेले म्हणजे ‘शेख’ हे त्या माणसाचे स्वतःचे नाव ठरते आणि पित्याचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते. घरातील चारही भाऊ मग तिकिटावर ‘शेख’ याच पहिल्या नावाने उभे राहतात, आणि बाप व मुलगा यांची आडनावे निराळी होतात. हज वा उमरा यात्रेसाठी पारपत्र काढताना कुटुंबाने हा क्रम सर्वांसाठी सारखा ठेवला नाही, तर नाते सिद्ध करण्यासाठीही स्वतंत्र कागद गोळा करावे लागतात.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न तर सर्वत्रच आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेत आणि मतदारयादीत सासरचे, आणि लग्नात पहिले नावही बदलण्याची चाल ज्या घरांत पाळली गेली तेथे तर दोन कागदांवर तीनही पदे भिन्न, अशी स्थिती आढळते. त्यात ‘बाई’, ‘राव’, ‘अप्पा’ या आदरार्थी प्रत्ययांची भर पडते : तलाठ्याने सात-बाराच्या उताऱ्यावर ‘रुक्मिणबाई’ लिहिले, शाळेने ‘रुक्मिणी’ लिहिले, एका दप्तरात ‘बाबुराव’ तर दुसऱ्यात नुसते ‘बाबू’. बोलताना हे प्रत्यय मानाचे आहेत आणि ते असण्या-नसण्याने माणूस बदलतो असे कोणास वाटत नाही. आरक्षणाच्या खात्यात मात्र ते नावाचे अविभाज्य अवयव होऊन बसतात.

या त्रिपदीत आता चौथ्या पदाची भर पडली आहे. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. मातेचे ऋण कागदोपत्री मान्य करणारा हा निर्णय सर्वथा स्वागतार्ह आहे. तथापि दोन रकान्यांच्या अर्जात हे चतुष्पद नाव कसे बसवावे याची तजवीज ही मुले एकट्याने प्रवासास निघण्यापूर्वीच झाली पाहिजे.

दप्तरातील दोन लिपी

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि महसूल, न्याय व पोलीस या खात्यांचा कारभार त्या भाषेत चालू लागला. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास आरंभ केला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत मराठवाड्यातील मराठी माणसाचे नाव सरकारी कागदावर चढे ते बहुशः उर्दू लिपीत, आणि गावपातळीच्या जुन्या नोंदींत मोडीत. उर्दू वर्णमालेत ‘ळ’ आणि ‘ण’ यांना स्वतंत्र अक्षर नाही, आणि ऱ्हस्व स्वर लिहिण्याचा तिचा परिपाठ नाही; त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ हे एकरूप झाले, आणि पुढे ती दप्तरे देवनागरीत उतरवताना ज्याला जसे वाचता आले तसे नाव त्याने लिहिले. मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांचे साहाय्य घेतल्याखेरीज या दप्तरांतील नावांचा उलगडा होईना, ही गोष्ट सर्वांसमोर आहे.

दुसरा साचा रोमी लिपीचा. तिच्यातही ‘ळ’ आणि ‘ण’ यांना जागा नाही. विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धती एकोणिसाव्या शतकापासून सरकारी वापरात असली, तरी तिचा संबंध नकाशांशी आणि स्थलनामांशी राहिला. माणसांची नावे कशी लिहावीत याचा दंडक कोणी घातला नाही. ज्ञानेश्वर हे नाव कोणी ‘डी, एन, वाय’ या अक्षरांनी आरंभतो तर कोणी ‘जी, वाय’ यांनी. लक्ष्मीच्या मध्यभागी कोठे ‘एक्स’ येतो तर कोठे ‘के, एस, एच’. ‘व’साठी कोणी ‘व्ही’ योजतो तर कोणी ‘डब्ल्यू’. विठ्ठलात एक ‘टी’ असावा की दोन, हे ज्या शिक्षकाने प्रथम हजेरीपत्रक इंग्रजीत लिहिले त्याच्या सवयीवर ठरते. या सर्व रूपांतील एकही अशुद्ध म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच त्यांतील कोणते खरे, हा प्रश्न विचारणेच मुळात अन्यायाचे आहे.

आधार योजनेचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. लोकांना एकच सर्वमान्य ओळख मिळावी हा तिचा हेतू. परंतु नोंदणीच्या धावपळीत शिबिरातील चालकाने समोर आलेल्या कागदावरून वा नुसत्या तोंडी उच्चारावरून नाव टंकित केले, आणि जे त्या दिवशी उमटले तेच कायम झाले. आधीच्या सर्व कागदांतील भेद मिटवण्याऐवजी अनेकांच्या बाबतीत आधारने त्यांत आणखी एका रूपाची भर घातली, आणि पुढे हेच रूप प्रमाण मानले जाऊ लागले.

रेल्वेचे खाते

धाराशिव शहराशी रेल्वेचा संबंध तसा अलीकडचा. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे पुढे लातूरपर्यंत गेली ती येडशीवरून. जिल्ह्याचे मुख्य गाव तिच्या वाटेवर नव्हते. त्या अरुंदमापी मार्गाचे रुंदीकरण करताना आखणी बदलून हे गाव लोहमार्गावर आणले गेले आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात रुंद मार्गावरील गाड्या येथून धावू लागल्या. तोपर्यंत आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री, जी ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाली होती, देशभर रुळली होती. अर्थात या शहरातील पुष्कळांच्या घराजवळ गाडी आणि तिकिटाचे संगणकीय खाते ही जवळजवळ एकाच वेळी आली, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीने येणारे शहाणपण त्यांना मिळाले नाही.

१ डिसेंबर २०१२ पासून सर्व आरक्षित वर्गांत, एका तिकिटावरील निदान एका प्रवाशाने मूळ ओळखपत्र जवळ बाळगणे सक्तीचे झाले. ते नसल्यास तो विनातिकीट प्रवास समजला जातो. ही अट माणसाच्या विवेकाला वाव ठेवणारी आहे, कारण गाडीतील तपासनीस छायाचित्र, वय आणि नाव एकत्र पाहून निर्णय घेतो, आणि एखाद्या अक्षराच्या फरकासाठी सहसा कोणास उतरवीत नाही. परंतु खात्याच्या दारातच आधार आल्यापासून हा विवेक मागे पडला. जून २०२२ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरून महिन्याला २४ आणि न जोडलेल्यावरून १२ तिकिटे काढता येऊ लागली. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटे ऑनलाइन काढण्यासाठी खात्याची आधार-पडताळणी अनिवार्य झाली. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षण उघडल्यानंतरची पहिली १५ मिनिटेही अशाच पडताळलेल्या खात्यांसाठी राखली गेली. दलालांचा काळाबाजार मोडण्याचा यामागील हेतू उचित आहे. तथापि खात्यातील तपशील आधारच्या नोंदीशी जुळल्याशिवाय ही पडताळणी पुरी होत नाही. आणि ज्याच्या आधारवर ‘बाबू’ व खात्यात ‘बाबुराव’ आहे, तो प्रामाणिक शेतकरी दलालासमवेतच दाराबाहेर राहतो.

खाते एकाचे आणि प्रवासी दुसरा, हा प्रकार ग्रामीण भागात नित्याचा आहे. मुंबईला उपचारासाठी वा पुण्याला मुलाच्या भेटीसाठी निघालेले वृद्ध जोडपे गावातील संगणक केंद्रात जाते आणि तेथील तरुण आपल्याच खात्यातून त्यांचे तिकीट काढून देतो. आप्तांसाठी असे करण्यास मुभा आहे. मात्र खासगी खात्यातून परवान्याशिवाय तिकिटे पुरवण्याचा धंदा करणे हा १९८९च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, आणि अशा कारवाईत तिकीट रद्द झाल्यास हानी प्रवाशाची होते. शिवाय परताव्याची रक्कम ज्या खात्यातून पैसे भरले गेले तेथे जाते. प्रवाशाच्या हाती ती पडणे मग त्या मध्यस्थाच्या सचोटीवर अवलंबून राहते.

तिकीट हस्तांतरणीय नाही हा त्याच अधिनियमाच्या कलम ५३ चा सर्वसाधारण नियम. त्याला एक उपयुक्त अपवाद आहे, आणि तो पुरेसा परिचित नाही : गाडी सुटण्यापूर्वी २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास, निश्चित झालेले आरक्षण आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती वा पत्नी यांपैकी एकाच्या नावे एकदा करून देण्याचा अधिकार प्रमुख स्थानकांवरील मुख्य आरक्षण पर्यवेक्षकास आहे. त्यासाठी तिकिटाची प्रत, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण कार्यालय गाठावे लागते. आणि उमरगा, परंडा किंवा भूम तालुक्यातील माणसाला त्यापायी दिवसाची मजुरी सोडावी लागते, हे विसरून चालणार नाही.

एसटीच्या बाबतीत हा प्रश्न सौम्य आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. वाहक पाहतो ते वय आणि व्यक्ती, नावाचा अक्षरविन्यास तो पारखीत बसत नाही. सवलत देण्यास माणसाची ओळख पटणे पुरेसे होते, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

विमानाचे तिकीट

सोलापूरहून २०२५ पासून पुन्हा प्रवासी विमाने सुटू लागल्यामुळे विमानप्रवास या जिल्ह्याच्या आवाक्यात आला आहे, आणि आखाती देशांत कामासाठी जाणारे वा परदेशी शिकणाऱ्या मुलांना भेटावयास निघणारे लोक तर आधीपासूनच आहेत. येथे नामभेदाचे परिणाम अधिक कठोर होतात, कारण विमानतळाच्या प्रवेशद्वारावरच सुरक्षा कर्मचारी तिकीट आणि ओळखपत्र पडताळतात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजियात्रा’सारख्या व्यवस्थेत तर आधार आणि प्रवासपत्र यांवरील नावांचा मेळ यंत्रच घालते.

पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या ज्या दोन ओळी असतात त्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नमुन्याप्रमाणे प्रत्येकी ४४ अक्षरांच्या असून, त्यांतील नावासाठी ३९ जागा राखलेल्या असतात. आडनाव आधी, त्यानंतर उर्वरित नाव. जगभरच्या तिकीटयंत्रणा याच विभागणीवर उभ्या आहेत आणि जिथे आडनावच नाही अशा नावांना त्यांच्यात सहज स्थान नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकपदी नावाच्या पारपत्रावर पर्यटक म्हणून येणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले. पारपत्राच्या दुसऱ्या पानावर पित्याचे वा कुळाचे नाव असल्यास ते चालेल असा खुलासा पुढे झाला. ज्यांच्या पारपत्रात आडनावाचा रकाना कोरा राहिला होता अशांनी या प्रसंगावरून धडा घेणे अवश्य आहे.

देशांतर्गत नियम त्या मानाने उदार आहेत, परंतु त्यांची मुदत आखूड आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, तिकीट विमान कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतले असेल आणि चूक २४ तासांच्या आत दाखवली असेल, तर त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीसाठी कंपनीने जादा शुल्क घ्यावयाचे नाही. मध्यस्थ प्रवास कंपनीच्या खात्यातून घेतलेल्या तिकिटाला हे संरक्षण सरळ लागू पडत नाही : दुरुस्तीची विनंती आधी मध्यस्थाकडे, त्याच्याकडून विमान कंपनीकडे असा फेरा पडतो आणि मुदत तोवर निघून जाते. अशा खात्यांतील दुसरा धोका असा की, एकदा भरलेले सहप्रवाशाचे नाव तेथे साठवले जाते आणि पुढील प्रत्येक तिकिटावर तेच उमटत राहते. मूळ नोंदीतील एक चुकलेले अक्षर अशा रीतीने वर्षानुवर्षे वंशपरंपरेने चालते. नियमित प्रवाशांना मिळणाऱ्या गुणांच्या खात्याचीही हीच गत आहे. तेथील नाव पारपत्राहून भिन्न असले की केलेल्या प्रवासाचे गुण जमा होत नाहीत.

गावाचे नामांतर

या ठिकाणी धाराशिव गावाच्या स्वतःच्या नावाचा वृत्तान्त विचारात घेणे उपयुक्त होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून या गावी आले आणि हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२२ च्या जून-जुलैमध्ये राज्य मंत्रिमंडळाने, पाठोपाठच्या दोन सरकारांच्या काळात, धाराशिव हे नाव पुन्हा देण्याचे ठराव केले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती आली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना निघाली. आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. रेल्वे स्थानकाचे नाव बदलले ते जून २०२५ च्या आरंभी. मध्यंतरीच्या दीड वर्षाहून अधिक काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयावर धाराशिव आणि तिकिटावर उस्मानाबाद अशी द्विनामी अवस्था होती. तरीही त्या कारणासाठी कोणाचे तिकीट खोटे ठरले नाही.

स्थानकाचे नाव बदलताना रेल्वेने जी काळजी घेतली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. मध्यरात्रीच्या सुमारास आरक्षणयंत्रणा काही काळ बंद ठेवून ‘यूएमडी’ या संकेताक्षरांच्या जागी ‘डीआरएसव्ही’ ही अक्षरे बसवली गेली आणि यंत्रणा पूर्ववत सुरू झाली. उस्मानाबाद या नावाने झालेली खरेदीखते, निघालेल्या पदव्या आणि जन्मदाखले आजही तितकेच ग्राह्य आहेत. त्यांच्या धारकांना आपले जन्मगाव तेच हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागत नाही, कारण ही दोन नावे एकाच स्थळाची आहेत ही गोष्ट शासनाने स्वतः एकदा जाहीर करून सर्वांसाठी मिटवली. माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाचे मर्म येथेच आहे. नाव पालटले म्हणून गावाला जे अभय मिळते, ते त्या गावच्या माणसाला मिळत नाही. त्याच्या नावातील भेद बहुधा सरकारी दप्तरांनीच निर्माण केलेला असतो. तरी दोन्ही रूपे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याचा भार, प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक प्रवासात नव्याने, त्यालाच वाहावा लागतो.

उपाय

व्यवस्था सुधारेपर्यंत प्रवाशाने आपल्यापुरती तजवीज केली पाहिजे. घरातील प्रत्येकाचे सर्व कागद एकदा समोर मांडून कोणते रूप सर्वांत अधिक ठिकाणी आहे ते पाहावे, आणि तेच प्रमाण धरून उरलेले त्याप्रमाणे करून घ्यावेत. परदेशी जाण्याचा संभव असेल तर पारपत्र हेच प्रमाण मानणे हितावह. देशापुरता विचार असेल तर आधार. आधारवरील नाव साधारणतः दोनदाच बदलता येत असल्याने ती संधी घाईने खर्च करू नये. पुरावा हाती आल्यावरच अर्ज करावा. नाव मुळातच बदलावयाचे असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात त्याची जाहिरात देणे हा रूढ व सर्वमान्य मार्ग आहे, आणि राजपत्राच्या त्या अंकाची प्रत आयुष्यभर जपून ठेवावी. विवाहित स्त्रीने पारपत्र जोवर माहेरच्या नावाचे आहे तोवर तिकीटही त्याच नावाने काढावे, आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र बरोबर ठेवावे. आरक्षणाच्या खात्यात साठवलेली नावे वर्षातून एकदा ओळखपत्राशी ताडून पाहावीत. तिकीट हाती येताच, त्याच दिवशी, नावाचे प्रत्येक अक्षर वाचावे. आणि दुसऱ्याकडून तिकीट काढून घ्यावे लागल्यास ओळखपत्राची प्रतच त्याच्यापुढे ठेवावी, नाव तोंडी सांगू नये.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे दप्तराच्या दोषाचा दंड खातेदाराकडून वसूल करणे होय. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील नावदुरुस्तीच्या प्रकरणात, नाव हे व्यक्तीच्या ओळखीचे अंगभूत तत्त्व असून त्यावर तिचा अधिकार आहे, हे तत्त्व मान्य केले. या तत्त्वाचा प्रकाश प्रवासाच्या खात्यांपर्यंत पोहोचावयाचा तर तीन गोष्टी व्हाव्या लागतील. पहिली, ज्याची दोन रूपे आहेत त्याला ती दोन्ही आधारच्या नोंदीत एकदा जोडून घेता यावीत, म्हणजे पडताळणी करणाऱ्या यंत्राला कोणतेही रूप सादर झाले तरी ते एकाच व्यक्तीचे समजेल. दुसरी, त्याच व्यक्तीच्या नावातील अक्षरदुरुस्ती प्रवास सुरू होईपर्यंत निःशुल्क असावी, आणि तिकीट मध्यस्थाकडून घेतले असले तरी हा नियम लागू असावा. परताव्याबाबत मध्यस्थाकडील तिकिटाचीही जबाबदारी विमान कंपनीवर टाकणारा नियम आहेच, तो दुरुस्तीलाही लावण्यास हरकत नसावी. तिसरी, रेल्वेतील नावबदलाचा अर्ज खात्यातूनच करता यावा, तालुक्याच्या माणसाला त्यासाठी स्थानक गाठावे लागू नये. दलालांना आळा घालणे आवश्यक आहे. पण दलाल ओळखावयाचा तो त्याच्या व्यवहारांवरून, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतील फरकावरून नव्हे.

यांहूनही दूरगामी काम गावातच व्हावयाचे आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमातील जी दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली, तिच्यामुळे त्यानंतर जन्मलेल्या बालकाचा जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, आधार आणि पारपत्र यांचा आधारभूत कागद ठरला आहे. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आज जे नाव लिहिले जाते, तेच त्या मुलाच्या साऱ्या आयुष्यातील तिकिटांवर उमटणार आहे. तेव्हा ते नाव देवनागरीत व रोमीत, आईच्या नावासह, आईबापांना वाचून दाखवून आणि त्यांची स्वाक्षरी घेऊनच नोंदले जावे. नोंद नावाविना झाली असल्यास ते वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते, ही माहिती प्रत्येक अंगणवाडीत लावली जावी. मागील पिढ्यांच्या नावांतील गुंता सोडवण्यास काळ लागेल. पुढच्या पिढीचा गुंता मुळातच होऊ न देणे मात्र आज, आठही तालुक्यांच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, केवळ लेखणी चालवताना समोरच्या माणसाला विचारण्याची गरज आहे.